दत्तक आदेश कायद्याने पक्का कसा होईल? बौद्ध कुटुंबांसाठी माहिती आणि कायद्यात हवे असलेले बदल

देवनार, गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द या पट्ट्यात सामाजिक काम करताना दत्तकाविषयी लोक विचारतात ते बहुतेक एकच : "मूल आम्ही घेतलंय, वाढवतोय, पण उद्या कोणी हरकत घेतली तर काय?" विचारणारे कधी निपुत्रिक जोडपे असते, कधी भावाचे लेकरू सांभाळणारी बहीण असते, तर कधी नातवाला आपले नाव लावणारी आजी असते. माया, संगोपन आणि शाळेतले नाव एवढ्यावर दत्तक कायद्याने सिद्ध होत नाही. त्यासाठी कायद्याने सांगितलेली पद्धत पाळलेली असावी लागते आणि अधिकार असलेल्या यंत्रणेचा आदेश किंवा नोंद असावी लागते.

आदेश देण्याचा अधिकार नेमका कोणाला, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. म्हणून दत्तकाचा कायदा काय आहे, तो बौद्धांना कसा लागू होतो, दत्तक कुठे कच्चा राहतो आणि कायद्यात कोणते बदल हवेत, याची एकत्र मांडणी या लेखात केली आहे.

दत्तक नाकारला की काय होते : आपला इतिहास

महाराष्ट्राला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब यांचे निधन झाले. त्यांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने तो राज्याच्या वारसापुरता मान्य केला नाही आणि सातारा खालसा झाले. १८५३ साली झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दामोदररावांना दत्तक घेतले. तोही दत्तक गादीसाठी नाकारला गेला. दोन्हीकडे दत्तकविधी झाला होता. मान्यता देणाऱ्याने ती दिली नाही, एवढ्यानेच सगळे गेले.

१८५८ नंतर इंग्रजांचे धोरण बदलले. पुढे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे गोपाळराव १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंना दत्तक गेले आणि सयाजीराव गायकवाड झाले. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईंना दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला मदत करणारे सयाजीराव आणि १९२० साली 'मूकनायक'ला मदत करून माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहणारे शाहू महाराज, हे दोघेही दत्तक पुत्र होते. त्यांचे दत्तक मान्य झाले नसते तर आपल्या चळवळीचे दोन मोठे आधार गादीवरच आले नसते.

तिसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला आपला मुलगा मानून वाढवले. त्या काळच्या हिंदू कायद्यात दत्तक मूल सजातीय असावे, अशी अट होती. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून यशवंतला वारस नेमले. तरीही २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून नातलगांनी यशवंतच्या हक्कावर वाद घातला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. ज्या बापाने वाढवले त्याच्याच प्रेतापाशी मुलाला 'तू कोण?' असे विचारले गेले. पुढे डॉक्टर झालेल्या याच यशवंतने १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंसोबत रुग्णसेवा केली.

बाबासाहेबांनी ओळखलेला दोष

हिंदू कोड बिल म्हटले की घटस्फोट, वारसा आणि स्त्रियांचे हक्क आठवतात. दत्तकाचे प्रकरणही त्यात होते. एप्रिल १९४८ मध्ये हे विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव मांडताना बाबासाहेबांनी दत्तक हे कोर्टकज्जांचे फार मोठे उगमस्थान असल्याचे सांगितले होते. तोंडी पुरावे रचले जातात, साक्षीदार फोडले जातात, विधवांना फसवले जाते, आज दत्तक घेतला म्हणणारे उद्या घेतलाच नाही म्हणतात, असे त्यांचे निदान होते. हे थांबावे म्हणून दत्तकाची नोंदणी करता येईल अशी तरतूद त्यांनी विधेयकात ठेवली होती. नवऱ्याने दत्तक घेताना पत्नीची संमती घ्यावी, हेही त्यात होते.

हिंदू कोड बिल त्या रूपात मंजूर झाले नाही. सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे ते विधेयक तुकड्यातुकड्यांनी कायद्यात आले. त्यातला शेवटचा तुकडा म्हणजे हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६. हा कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी अमलात आला, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर पंधरा दिवसांनी. त्यात नोंदणीची तरतूद आली, पण ऐच्छिक म्हणून. आजच्या बऱ्याच अडचणी तिथून सुरू होतात.

बौद्धांना कोणता कायदा लागू आहे?

आपण धम्मदीक्षा घेतली, मग हिंदू दत्तक कायदा आपल्याला का, असा प्रश्न अनेकजण विचारतात. १९५६ च्या कायद्याचे कलम २ बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तो लागू असल्याचे स्पष्ट सांगते. याचा अर्थ बौद्ध माणूस धर्माने हिंदू ठरतो असा नाही. दत्तकापुरते त्याचे हक्क आणि अटी या कायद्याने ठरतात, इतकाच याचा अर्थ.

याच कायद्याच्या कलम ११ नुसार दत्तहोम वैधतेसाठी आवश्यक नाही. त्यामुळे बौद्ध कुटुंबाला कोणताही वैदिक विधी करण्याची गरज नाही. त्रिशरण-पंचशील घेऊन, भन्ते किंवा बौद्धाचार्यांच्या उपस्थितीत मुलाला स्वीकारता येते. मात्र कायद्याला हवी असते ती मुलाला प्रत्यक्ष देण्याची आणि घेण्याची क्रिया. जन्मदात्यांनी मूल द्यावे आणि घेणाऱ्यांनी ते दत्तक म्हणून स्वीकारावे, हे प्रत्यक्ष घडलेले असले पाहिजे. बुद्धवंदना झाली, जेवणे झाली, पण देणे-घेणे सिद्ध झाले नाही, तर दत्तक टिकत नाही.

दुसरा मार्ग बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ चा. तो सर्व धर्मीयांसाठी खुला आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना पूर्वी १८९० च्या पालकत्व कायद्याखाली केवळ पालक होता येत असे आणि ते नाते मूल सज्ञान झाले की संपत असे. फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला बाल न्याय कायद्याखाली दत्तक घेता येते, असे स्पष्ट केले. देवनार-गोवंडीसारख्या मिश्र वस्तीत हे शेजाऱ्यांनाही सांगण्यासारखे आहे.

१९५६ च्या कायद्याखाली दत्तक कुठे कच्चा राहतो?

या कायद्याच्या मुख्य अटी अशा :

• मूल १५ वर्षांखालील आणि अविवाहित असावे (रूढी सिद्ध झाल्यास अपवाद), आणि ते आधीच दत्तक गेलेले नसावे.
• मुलगा दत्तक घ्यायचा असेल तर घेणाऱ्याला हयात मुलगा, नातू किंवा पणतू नसावा. मुलगी घ्यायची असेल तर हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी.
• पुरुष मुलगी घेत असेल किंवा स्त्री मुलगा घेत असेल तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर हवे.
• विवाहित व्यक्तीला जोडीदाराची संमती हवी. २०१० च्या दुरुस्तीनंतर पत्नीलाही पतीच्या संमतीने स्वतः दत्तक घेता येतो.
• दत्तकासाठी पैसे देणे-घेणे हा गुन्हा आहे.

यातली एक अट जरी मोडली तरी कलम ५ नुसार दत्तक शून्य ठरतो, म्हणजे तो झालाच नव्हता असे कायदा मानतो. मूल तीस वर्षे त्या घरात वाढले असले तरीही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय यासाठी पाहण्यासारखे आहेत. २०११ साली न्यायालयाने सांगितले की दत्तक समारंभाला पत्नी हजर होती एवढ्यावरून तिची संमती होती असे धरता येत नाही. २०२० च्या निर्णयात एका मुलीला दांपत्याने आपली मुलगी म्हणून वाढवल्याचा पुरावा होता. वडील गेल्यावर तिने मालमत्तेत हिस्सा मागितला. वाढवणाऱ्या आईनेच दत्तक नाकारला. संमती आणि देणे-घेण्याचा विधी सिद्ध झाला नाही म्हणून ती मुलगी हरली. कायद्याच्या अटी पाहता निर्णय नियमाला धरून होता. पण विधी नीट झाला की नाही यावर त्या मुलीचा काही ताबा नव्हता, आणि किंमत मात्र तिनेच मोजली.

कलम १६ नुसार दत्तकपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेले असेल आणि त्यावर देणारा-घेणारा दोघांच्या सह्या असतील, तर दत्तक कायद्यानुसार झाला असे न्यायालय गृहीत धरते. ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी हरकत घेणाऱ्यावर जाते. आपल्या वस्त्यांत मात्र स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला की काम झाले असे समजतात. लोक त्याला 'बॉन्ड केला' म्हणतात. नोटरी केलेल्या बॉन्डला कलम १६ चे संरक्षण मिळत नाही.

मुदतीच्या कायद्याचाही विचार करायला हवा. दत्तक अवैध आहे अशा घोषणेसाठी दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची आहे, पण ती दत्तकाच्या तारखेपासून मोजत नाहीत, हरकत घेणाऱ्याला दत्तक कळल्यापासून मोजतात. त्यामुळे घराचा पुनर्विकास आला, म्हाडाची किंवा एसआरएची खोली नावावर करायची वेळ आली, की 'आम्हाला आत्ताच कळले' म्हणणारे नातलग उभे राहू शकतात.

जात प्रमाणपत्राच्या वेळीही असेच होते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे आणि वडिलांकडील पुरावे मागितले जातात. दत्तकपत्राने जात आपोआप मिळत नाही, तो निर्णय सक्षम अधिकारी आणि पडताळणी समिती स्वतंत्रपणे करतात. पण दत्तकाचा कागदच डळमळीत असेल तर अर्ज पहिल्या पायरीवर अडतो.

बाल न्याय कायद्याचा मार्ग

अनाथ, सोडून दिलेले किंवा पालकांनी स्वेच्छेने सुपूर्द केलेले मूल दत्तक घ्यायचे असेल तर हाच मार्ग आहे. असे मूल सापडल्यास २४ तासांच्या आत बाल कल्याण समिती, पोलीस, जिल्हा बाल संरक्षण कक्ष किंवा १०९८ या क्रमांकाला कळवणे बंधनकारक आहे. १०९८ ही सेवा १९९६ साली देवनारच्याच टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून प्रकल्प म्हणून सुरू झाली होती.

समिती चौकशी करून मुलाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करते. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिने आणि मोठ्या मुलासाठी चार महिने ही मुदत आहे. मूल सुपूर्द करणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. इच्छुक पालकांनी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजे 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी करायची असते. घरभेट आणि सामाजिक तपासणी अहवाल होतो, मूल सुचवले जाते आणि शेवटी दत्तक आदेश होतो. कलम ६३ नुसार आदेश लागू झाल्यापासून मूल सर्व कारणांसाठी, वारशासह, दत्तक आईवडिलांचे होते.

आतेमामे नात्यातल्या दत्तकालाही हा कायदा मार्ग देतो. काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा यांना नातेवाईक म्हणून दत्तक घेता येते. १९५६ च्या कायद्यातली 'आधीचा मुलगा नसावा' ही अट इथे आडवी येत नाही. २००९ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, एक मुलगी असलेल्या दांपत्याला बाल न्याय कायद्याखाली दुसरी मुलगी दत्तक घेता येते, असा निर्णय दिला होता.

पद्धत न पाळता अनाथ किंवा सुपूर्द मूल परस्पर देणे-घेणे हा कलम ८० खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा किंवा एक लाख रुपये दंडाचा गुन्हा आहे. मुलाची विक्री कलम ८१ खाली त्याहून गंभीर ठरते. प्रसूतिगृहातूनच जन्मनोंदीत आपले नाव घालून घेण्याचा सल्ला देणारे दलाल असतात. त्यांच्यापासून दूर राहावे. तो दत्तक नसतो, गुन्हा असतो.

आदेश कोणी द्यायचा : न्यायालयाने की जिल्हाधिकाऱ्यांनी?

२०१५ च्या मूळ कायद्यात दत्तक आदेश न्यायालय देत असे. प्रकरण दोन महिन्यांत निकाली काढावे असे बंधन होते, प्रत्यक्षात विलंब होई. जुलै २०१८ मध्ये देशभरात ६२९ दत्तक प्रकरणे न्यायालयांत प्रलंबित असल्याचे सरकारने सांगितले. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टरांना, दिला. १ सप्टेंबर २०२२ पासून हा बदल लागू झाला आणि न्यायालयांत प्रलंबित असलेली प्रकरणेही त्यांच्याकडे वर्ग करण्याचा नियम आला. आदेशाविरुद्ध अपील ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे करायचे असते. देवनारच्या कुटुंबासाठी याचा अर्थ असा की आदेश वांद्र्याच्या मुंबई उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयातून आणि अपील बेलापूरच्या कोकण भवनात.

मुंबईतील दत्तक पालकांनी याला उच्च न्यायालयात आव्हान दिले. १० जानेवारी २०२३ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. एस. जी. दिगे यांच्या खंडपीठाने अंतरिम आदेशाने प्रकरणे वर्ग करण्यास स्थगिती दिली आणि उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी दत्तक प्रकरणे ऐकत राहावीत असे सांगितले. त्यामागचा तर्क महत्त्वाचा आहे. प्रकरणे न्यायालयाने ऐकली आणि पुढे दुरुस्ती वैध ठरली, तर कोणाचे नुकसान होत नाही. पण आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी दिले आणि पुढे दुरुस्तीच रद्द झाली, तर ते सर्व आदेश अधिकाराविना दिलेले म्हणून प्रश्नांकित होतील. कोणत्याही पालकाला हे टांगणीला लागणे परवडणारे नाही, आणि मुलाला तर मुळीच नाही.

दोन्ही बाजूंना वजन आहे. जिल्हाधिकाऱ्यांमुळे प्रकरणे लवकर निघतात, वकिलाचा खर्च वाचतो, बाल संरक्षण कक्ष त्यांच्याच हाताखाली असतो. दुसरीकडे, दत्तकाने माणसाचा नागरी दर्जा कायमचा बदलतो. महसूल, निवडणुका, पूर आणि कायदा-सुव्यवस्था सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने हे न्यायिक स्वरूपाचे काम करावे का, हा प्रश्न रास्त आहे. या वादात कोणीही जिंको, तोवर झालेले आदेश मात्र सुरक्षित राहिले पाहिजेत.

आयर्लंडने काय केले?

नेमका हाच प्रश्न आयर्लंडमध्ये उभा राहिला होता. तिथे १९५२ च्या कायद्याने दत्तक आदेश देण्याचे काम एका मंडळाकडे दिले होते, न्यायालयाकडे नव्हते. सत्तरच्या दशकात शंका आली की न्यायालय नसलेल्या मंडळाचे हे आदेश राज्यघटनेनुसार टिकतील का. हजारो कुटुंबांचा प्रश्न होता. तिथल्या सरकारने सहावी घटनादुरुस्ती लोकांपुढे ठेवली. आदेश देणारा न्यायाधीश किंवा न्यायालय नव्हता एवढ्याच कारणाने कोणताही दत्तक अवैध ठरणार नाही, अशी ती तरतूद होती आणि ती मागील आदेशांनाही लागू होती. ५ जुलै १९७९ च्या सार्वमतात जवळपास ९९ टक्के मते तिच्या बाजूने पडली. आदेश कोणी द्यावा यावर मतभेद असू शकतात, पण दिलेल्या आदेशाने मुलाला मिळालेले घर काढून घेऊ नये, यावर सगळे एक झाले.

कायद्यात कोणते बदल हवेत?

१. संरक्षक तरतूद. न्यायालयाने किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी त्या वेळी लागू असलेल्या कायद्यानुसार सद्भावनेने दिलेला दत्तक आदेश केवळ अधिकारक्षेत्राच्या वादामुळे अवैध ठरणार नाही, असे कलम बाल न्याय कायद्यात घालावे. मागील कृतीतला दोष दूर करून ती वैध ठरवणारे कायदे करण्याचा संसदेचा अधिकार न्यायालयांनी मान्य केलेला आहे. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने, न्यायाधीशाची नेमणूक पुढे सदोष ठरली तरी त्याने दिलेले निकाल टिकतात, हे तत्त्व स्वीकारले होते. दत्तक मुलांसाठी ते कायद्यात लिहून ठेवावे.

२. नोंदणी सक्तीची. १९५६ च्या कायद्याखालील प्रत्येक दत्तक नोंदणीकृत दस्तानेच व्हावा. उत्तर प्रदेशने १ जानेवारी १९७७ पासूनच्या दत्तकांसाठी तसा बदल केला आहे. महाराष्ट्राने तो अजून का करू नये? मात्र जुन्या, खऱ्या पण अनोंदणीकृत दत्तकांना नोंदणीसाठी वाजवी मुदत द्यावी, नाहीतर सुधारणेचा फटका गरिबालाच बसेल.

३. शून्य आणि सदोष यांत फरक. पैसे घेऊन किंवा पळवून आणलेल्या मुलाचा दत्तक शून्यच असला पाहिजे. पण वयाच्या अंतरात किंवा विधीत राहिलेल्या त्रुटीमुळे अनेक वर्षांनी मुलाचे नाते पुसले जाऊ नये. अशा त्रुटींवर दत्तकाच्या नोंदणीपासून ठरावीक मुदतीतच हरकत घेता यावी. फसवणुकीचा अपवाद ठेवावा.

४. दोन कायद्यांचा मेळ. कलम ५६ मुळे बाल न्याय कायद्याची तपासणी १९५६ च्या दत्तकांना लागू होत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सुशीलकुमार मोदी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने दोन्ही कायद्यांची सांगड घालण्याची शिफारस केली. १९७२ आणि १९८० ची सर्वसमावेशक दत्तक विधेयके मंजूर झाली नव्हती, हे लक्षात घेता ही शिफारस धूळ खात पडू देता कामा नये.

५. अपील न्यायिक ठेवावे. आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी दिला तरी अपील जिल्हा न्यायालयात जावे. एक कार्यकारी अधिकारी देणार आणि त्याच्या वरचा कार्यकारी अधिकारी तपासणार, यापेक्षा न्यायालयाची मोहोर लागलेला आदेश पुढे अधिक टिकाऊ ठरेल.

६. बाल कल्याण समित्या सक्षम कराव्यात. त्याच संसदीय अहवालानुसार डिसेंबर २०२१ मध्ये २७,९३९ इच्छुक पालक नोंदलेले होते, संस्थांत दत्तकयोग्य मानली गेलेली ६,९९६ मुले होती, पण कायदेशीररीत्या मुक्त घोषित झालेली फक्त २,४३० होती. कायदेशीर वाट लांब असली की लोक परस्पर वाटा शोधतात आणि कच्चे दत्तक तिथेच जन्माला येतात.

कुटुंबांनी आज काय करावे?

• नात्यातले मूल घ्यायचे असेल तर जन्मदाते हयात असतानाच दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. पती आणि पत्नी, दोन्हीकडच्या चौघांच्या सह्या घ्या. संमती वेगळ्या परिच्छेदात स्पष्ट लिहा.
• देण्या-घेण्याच्या कार्यक्रमाची तारीख, ठिकाण आणि साक्षीदार दस्तात नमूद करा. फोटो ठेवा. विहारात कार्यक्रम झाला असेल तर विहार समितीच्या नोंदवहीत नोंद करून घ्या.
• आधीचा मुलगा किंवा मुलगी असल्यामुळे १९५६ चा कायदा आडवा येत असेल तर बाल न्याय कायद्याखाली नातेवाईक दत्तकाचा अर्ज करा.
• जन्मदाते नसतील तर पालकाला मूल देण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी लागते. ती घेतल्याशिवाय बॉन्ड करू नका.
• आदेश किंवा नोंद झाल्यावर जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला लगेच बदलून घ्या. दहावीनंतर हे काम जड जाते.
• दत्तकपत्रावर थांबू नका, मृत्युपत्रही करा. जोतीरावांनी १८८७ साली तेच केले होते.
• मुलाला तो दत्तक असल्याचे योग्य वयात, प्रेमाने सांगा. भांडणात शेजाऱ्याच्या तोंडून ते कळू नये.

विहार समित्या, महिला मंडळे आणि बौद्धाचार्य यांनी विवाह नोंदणीसाठी जसा आग्रह धरला तसा दत्तकाच्या नोंदणीसाठीही धरावा. आपल्या भागातील आमदार-खासदारांना निवेदन देताना रस्ते, पाणी आणि डम्पिंग ग्राउंड यांच्या जोडीला ही मागणीही लिहावी. बाबासाहेबांनी १९४८ साली कायदेमंडळात सांगितलेला दोष अजून पूर्ण दूर झालेला नाही. तो दूर करण्यासाठी लागणारा बदल लहान आहे. दत्तक गेलेल्या मुलाला मात्र त्याने आयुष्यभराची निश्चिंती मिळेल.